आंडेर

बाराची शिरपूर–धुळे आलीच नाही.
एकची आली, ती चोपड्याची निघाली,
पाटी उलटी लावलेली.
हिरुतकडे प्लास्टिकची फाइल: पासपोर्टच्या तीन झेरॉक्स,
कॉलेजचं बोनाफाइड, फोटो सहा,
पांढऱ्या पडद्यापुढचे. मागच्या वेळी निळा होता
म्हणून परत पाठवलेलं.
आज शुक्रवार. आज शिक्का नाही बसला तर दंड,
आणि दंड भरायलाही अर्ज.

वॉर्डनबाईंनी मला सोबत धाडलं.
"तू मराठी बोलशील," म्हणाल्या.
मी देवरुखची. मला वाटलं, त्यात काय.

बागूल कंडक्टर बराच वेळ विचारात पडले:
बाईमाणूस, म्हणजे अर्धं तिकीट.
पण बाई जिम्माची, जिम्मा इथिओपियात,
ही आपल्यात धरायची की नाही?
शेवटी पूर्ण फाडलं
आणि दोन रुपये सुटे नंतर देतो म्हणाले,
जसे सगळ्यांनाच म्हणतात.
"इथे तरी सारखं," हिरुत हसून म्हणाली.

मागच्या सीटवरून एक हात आला,
तिच्या वेण्यांना लागला, मागे गेला.
पुन्हा आला.
सावळद्याचा पूल होता. मी खिडकीतून
तापी बघत राहिले.
तापीत बघण्यासारखं काही नव्हतं.

नरडाण्याच्या पुढे गाडीने धूर सोडला आणि बसली.
दुसरी येईल, बागूल म्हणाले. कधी?
येईल.
चैत्रातलं सव्वादोनचं ऊन, डांबर चपलेला धरतंय,
चौपदरीवर ट्रकमागून ट्रक.
चौघांनी सेल्फी मागितला.
पाचव्याने न विचारता काढला.
तिने फाइल डोक्यावर धरली, मग तोंडावर.
"अकरा महिने झाले," ती म्हणाली,
"मी एकदाही रस्त्याने नुसती चाललेली नाही."
मी म्हणाले, "अगं, प्रेमाने बघतात."
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी बाटलीचं झाकण उघडून
पाणी न पिता लावलं.

बाभळीखाली एक बाई खरबुजं मांडून बसलेली.
"आठे बठ वं माय. कोनी आंडेर शे तू?"
मी पुढे सरसावले, दुभाषी ना मी,
"नाही हो मावशी, अंडी नाहीत आमच्याकडे."
बाई माझ्याकडे बघतच राहिली.
हिरुत आधी फाइलीआड हसली,
मग इतकी, की खाली बसली मातीत.
"अंडी नाही गं. आंडेर. मुलगी.
कोणाची मुलगी, विचारतेय."
आणि तिच्याकडे वळून,
मेसच्या झेलाबाईंचा हुबेहूब हेल:
"मी दूरनी शे, मावशी.
मन्ही माय तठे शे, समुद्रना पल्याड."
"आनि हाई?" माझ्याकडे बोट.
"हाई बी दूरनी शे. हिले समजत नही."

खरबूज कापलं गेलं. बिया आम्ही
ओंजळीत थुंकल्या, कुठे टाकायच्या कळेना.
मावशीने पैसे घेतले, पूर्ण घेतले,
वर एक फोड दिली तिला. मला नाही.

धुळ्याला पोचलो तेव्हा पाच वीस.
देसले क्लार्क कपाटाला कुलूप लावत होते.
फोटो पाहिले. पांढरे, ठीक.
फोटोवर कॉलेजचा गोल शिक्का कुठे?
सोमवारी या.
आवाज चढला नाही त्यांचा. चहाही विचारला.

स्टँडवर शिरपूरच्या फलाटाशी
हिरुतला एकदम आठवलं, बागूलांनी
दोन रुपये दिलेच नाहीत.
आणि तेवढ्यावरून ती रडायला लागली,
भर स्टँडात, फाइल छातीशी.
चार माणसं थांबून बघायला लागली.
या वेळी मी मधे उभी राहिले,
पाठ लोकांकडे करून.
काहीतरी बोलायला हवं होतं, इंग्रजीत नको.
"अहिराणीत रडू नको कसं म्हणतात?" मी विचारलं.
तिने नाक पुसलं.
"तसंच," म्हणाली. "रडू नको."